उलट्या आट्याची

अण्णा, तुमच्या जीपची डावी चाकं आज निघाली. मी काढली. तुम्हाला आनंद व्हावा म्हणून हे सांगत नाही, तुम्हाला काही सांगायची हौस माझी केव्हाच फिटली. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतंय, तर तुम्ही भिंतीवर हार घालून गप्प. सोयीचंच आहे म्हणा.

जीप अजून अंगणातच आहे, ताडपत्रीखाली. आई म्हणते, काढ ती ब्याद, माझ्या तुळशीला ऊन लागंना. टायर सडलेत, त्यामुळं टोचन करून न्यायच्या आधी चाकं बदलायला हवीत. चौकातल्या पंक्चरवाल्याला सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. पण मी ठरवलं, ही चाकं मीच काढणार, पंचेचाळिशी उलटली तरी. का, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. उजवीकडची दोन्ही निघाली. दोन दिवस नटांवर डिझेल सोडलं, तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, चाकांना दगड लावले, आणि जॅक चढवायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. तुमच्या वाकड्या पान्याला हात लावला नाही. चार तोंडांचा नवा आणला, त्याला दोन्ही हातांनी जोर देता येतो. कटकन आवाज होऊन एकेक नट सुटला. मग डावीकडं गेले आणि सगळं जाम. दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिले, नट तसूभर हलेना. आणि मला तुमचा आवाज ऐकू यायला लागला.

दहावीचा निकाल लागलाय. दौलताबादच्या पुढचा घाट. तुमच्या जीपमध्ये मागं खुलताबादच्या दर्ग्याला निघालेलं एक कुटुंब भाड्यानं बसलंय, आणि मागचं डावं चाक बसतं. माझ्या पिशवीत आयटीआयचा फॉर्म आहे, मशिनिस्टचा, फक्त तुमची सही राहिलेली. तुम्ही पाना माझ्यापुढं टाकता. "हे नट काढ. काढलेस तर हितंच बॉनेटवर सही करतो." मी पान्याला लोंबकळते. तुम्ही दगडावर बसून शेंगा फोडता. "लाव की जोर! भाकरी खाती का नाय?" माझ्या तळहातांची सालटी निघतात. मागच्या बाई शेवटी खाली उतरून म्हणतात, "बस करो भाईसाब, बच्ची है." मग तुम्ही उठता, माझ्याकडं पाठ करून बसता आणि एका झटक्यात नट सोडवता. "बघ. एक नट निघंना, अन् मशीन चालवती म्हणं." फॉर्म मी घाटातच फाडला. तुम्ही फाडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तुम्ही मला 'उलट्या आट्याची' म्हणायला लागलात. पाहुण्यांत, गॅरेजात, माझ्या लग्नात जावयालासुद्धा. "जपून बरं का, लई उलट्या आट्याची हाय!" तुमचे गॅरेजवाले दोस्त पोट धरून हसायचे. मला वाटायचं, मी हट्टी आहे, तिरपागडी आहे, म्हणून म्हणताय. वाळूजला कंपनीच्या स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली अण्णा. खिडकीतून माणसांच्या हातात पाने देते, पान्याच्या गोट्या देते, ती माणसं मशीनवर जातात आणि मी खिडकीत बसते. हातात जोर नाही ना माझ्या! ग्राइंडरच्या नटाला उलटे आटे असतात हे तिथं मला रोज दिसतं. पण माझं नाव आणि तो नट कधी एकत्र आठवले नाहीत.

आज सकाळी पान्याच्या दांड्याला जोडून जोर वाढवावा म्हणून लांब पाइप आणायला शहागंजात गेले. हार्डवेअरवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, घाई नसलेले. "बाजी, कायकू चाहिए इत्ता लंबा?" म्हटलं, जुनी जीप आहे, नट निघत नाहीत. "कौनसी बाजू के?" डाव्या. त्यांनी पाइप परत कोपऱ्यात उभा केला. "नक्को लेओ. पुरानी जीप के डावे बाजू के आटे उलटे रहते. कसने की तरफ घुमाओ, तो खुलता. अब्बी तक कसतेच बैठे थे क्या आप?" आणि हसले बिचारे. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं.

तुम्हाला माहीत होतं! तुमची जीप, तुमचं चाक, नटन्नट तुमच्या हाताखालून गेलेला. सोळा वर्षांची पोर अर्धा तास तो आवळत होती आणि तुम्ही शेंगा खात होता. पाठ केलीत ती मला दिसू नये म्हणूनच ना, पाना कुठं फिरवताय ते? आणि वर तोच विनोद तुम्ही जन्मभर माझ्या तोंडावर सांगितलात, गावाला कळला, मला सोडून. घरी येऊन आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. "व्हय, त्याच रात्री सांगितलं व्हतं मला. भ्याले व्हते गं ते. मशिनीत बोटं घालवून बसशील म्हणून." भ्याले होते म्हणे! भ्यालात तर नाही म्हणायचं होतं सरळ, मी रडले असते, भांडले असते, तुमच्याशी अबोला धरला असता. माझेच हात माझ्यापुढं खोटे कशाला ठरवलेत? माफ वगैरे मी करणार नाही. चौदा वर्षांनी नाही आणि चाळीस वर्षांनीही नाही.

मग अंगणात गेले आणि पाना आवळायच्या बाजूला फिरवला. पाइप लागला नाही, पाय लागला नाही. तळहात होते, तेवढे पुरले. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचा तर पत्ता कुठाय? एकच गोष्ट राहिली, आणि तिचाच संताप सगळ्यात जास्त आहे. पहिला नट सुटला तेव्हा मी केवढ्यानं तरी ओरडले, "अण्णा, निघाला! करा सही!" आई दारात आली, काय झालं म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, पाना पडला.