भिंतीपलीकडचा वर्ग

गुरुजी,

मी वर्षभर इथिओपियात राहून आले. तुम्हाला हे समोर बसून सांगितलं असतं, तर तुम्ही आधी वर्गातल्या नकाशात तो देश शोधला असता आणि मग विचारलं असतं, तिथे जेवायला काय मिळतं. म्हणून तेच आधी सांगते. तिथे इंजेरा खातात. बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं आणि ताटाएवढं मऊ धिरडं करायचं. त्यावर शिरो वाढतात, ते तर आपलं पिठलंच. पहिला आठवडा मला त्या आंबट वासानेच नको व्हायचं, आणि परत निघाले तेव्हा शेवटचा घास संपू नये असं वाटत होतं. धुळ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले, आमचे हे गेल्यानंतर घर रिकामं झालं होतं, आणि एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून जायची संधी आली. आपल्या गावाहून, असोद्याहून, भावाचा फोन आला, "अक्का, या वयात? तिकडे ओळखीचं कोण आहे तुझं?" कोणीच नव्हतं, आणि त्यामुळेच तर जावंसं वाटलं होतं.

शाळा डोंगरउतारावर होती. मातीच्या भिंती, वर पत्रा, चहूकडे निलगिरीची झाडं. त्यांचं घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्या हिशेबाने दीड वाजता शाळा भरायची आणि मी पहिला महिनाभर सगळीकडे चुकीच्या वेळी पोचत होते. मुलं तास-तास चालत यायची. एका बाकावर चौघं, वर्गात सत्तरच्या वर. पाणी गाढवावरून पिवळ्या डब्यांतून यायचं. मधल्या सुट्टीत स्वयंपाकीण कोळशावर कॉफीचे दाणे भाजायची, आणि त्या धुरात शिक्षकांच्या खोलीतली सगळी मंडळी रुसवेफुगवे विसरायची. मुलं घरी ओरोमो बोलतात. आठवीपर्यंत शिक्षणही त्याच भाषेत, आणि नववीत एकदम सगळं इंग्रजीत. मी नववीला गणित शिकवायची. मी इंग्रजीत विचारायची, "समजलं?" आणि सत्तर मुलं एका सुरात म्हणायची, "यस, टीचर." किती शहाणी मुलं, असं मी भावाला फोनवर सांगितलं होतं.

माझ्या वर्गाशेजारी नववीचीच दुसरी तुकडी होती. तिला गणित शिकवणारी बाई पंचविशीतली, त्याच भागातली. मधली भिंत पातळ होती. तिकडून सारखा आवाज यायचा. ती काहीतरी सांगायची, मुलं भांडायची, हसायची, कोणीतरी ओरडून उत्तर द्यायचं. ते सगळं ओरोमोत. मला त्या गोंगाटाचा त्रास व्हायचा. एक दिवस मुख्याध्यापकांनी मला कॉफीला बसवून विचारलं, "तुम्ही अनुभवी आहात. आमचे शिक्षक कसे वाटतात?" मी चांगल्या मनानेच बोलले, गुरुजी. म्हटलं, ती मुलगी मेहनती आहे, पण वर्गात इंग्रजी बोलतच नाही. परीक्षा इंग्रजीत आहे, मुलांचं नुकसान होईल. त्यांनी मान हलवली.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून इंग्रजी ऐकू येऊ लागलं. अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं. आणि मग सत्तर मुलांचं "यस, टीचर." त्यानंतर शांतता. माझ्या हातात खडू, फळ्यावर अर्धं समीकरण, आणि मी तशीच उभी. ही शांतता मी ओळखत होते. चौथीत असताना ऐकली होती, तुमच्या वर्गात.

तुम्ही आम्हाला आमच्याच बोलीत शिकवायचात. भागाकार आला की तुम्ही कोणाच्या तरी बागेतून केळीची फणी घेऊन यायचात आणि टेबलावर ठेवायचात. "सांगा व पोरीहो, एका फनीत बारा केयी, चौघांत वाटाच्या, तं एकाले किती?" माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण सगळ्यांच्या आधी ओरडायची, "तीन! पन मले चार पाह्यजे!" वर्ग हसायचा, तुम्हीही हसायचात, आणि मग तिला चार हवी तर बाकीच्यांना किती, हे गणित सुरू व्हायचं. शिल्लक, अपूर्णांक, सगळं त्या फणीतून निघालं. मी त्या उन्हाळ्यात जळगावला मामाकडे राहून आले होते. मामा कचेरीत होता. त्याने मला "शाया" म्हटलं की "शाळा" म्हणायला लावलं होतं, आणि एक नवा शब्द शिकवला होता: अशुद्ध. तपासणीचे साहेब आले, तुम्ही हजेरीचं पुस्तक आणायला गेलात, आणि त्यांनी सहज विचारलं, "काय रे, गुरुजी कसं शिकवतात?" मी हात वर केला. उभी राहिले. म्हणाले, "साहेब, गुरुजी आमच्यासारखंच अशुद्ध बोलतात."

साहेबांनी मला शाबासकी दिली. मग तुम्हाला व्हरांड्यात घेऊन ते जे बोलले, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मास्तर, पोरांची भाषा सुधारायची की तुमची बिघडवायची?" तुम्ही एकदाही "पण" म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुस्तकातलं बोलू लागलात. "एका फणीत बारा केळी आहेत." फणी आणणं हळूहळू बंद झालं. मैत्रीण एकदा तिच्या सवयीने ओरडली, तर तुम्ही म्हणालात, "नीट बोल." ते बोलताना तुम्ही तिच्याकडे बघत नव्हता. ती खाली बसली. दिवाळीनंतर तिच्या बापाने तिला कापूस वेचायला शेतात नेलं, ती परत आली नाही. तुम्ही तिच्या घरी दोनदा गेलात, हे मला माझ्या आईकडून कळलं.

मला तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात तुमच्या घरी भरीत होतं, नेहमीप्रमाणे आम्हा चार-पाच पोरींना बोलावलं होतं. मी चुलीपाशी खाली मान घालून बसले. काकूंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. तुम्ही बाकीच्यांशी बोलीत बोलत होता. माझ्याकडे वळलात आणि शुद्ध मराठीत म्हणालात, "पोटभर जेव. तू खोटं काहीच बोलली नाहीस." त्यानंतर तुम्ही माझ्याशी कायम तसंच बोललात. मी पदवी घेऊन आले तेव्हा, लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हाही. जणू मी जळगावहून आलेली कोणी पाहुणी.

आणि मी काय शिकले? धुळ्याला माझ्या वर्गात खेड्यावरून आलेली एक मुलगी एकदा सगळं गणित चुकलं म्हणून रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, बठ्ठं गणित चुकनं." मी तिची नक्कल केली. "बठ्ठं चुकनं?" सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, घरची भाषा घरी ठेवून यायची. हे मी तीस वर्षं म्हणत होते, आणि लोक मला शिस्तीची बाई म्हणायचे.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या तरुण बाईकडे गेले. ती कोपऱ्यात कॉफीचा कप घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझं इंग्रजी वाईट आहे, मला माहीत आहे. मी सराव करते आहे." मी म्हटलं, "तुझं शिकवणं बंद झालं, ते माझ्यामुळे. मुख्याध्यापकांना मीच सांगितलं." तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही आधी मला का नाही विचारलं?" मुख्याध्यापकांकडे जाऊन मी माझे शब्द मागे घेतले. ते वैतागले, आधी एक सांगता, मग दुसरं. शेवटी एवढं ठरलं की आठवड्यातून दोन तास ती माझ्या वर्गात उभी राहील, आणि मी इंग्रजीत सांगितलेलं ती ओरोमोत सांगेल. तिच्या स्वतःच्या वर्गात मात्र इंग्रजीच राहिलं. एकदा दिलेली सूचना कागदावर गेली होती.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची, कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी उठली आणि भराभर काहीतरी बोलली. तरुण बाई हसली. म्हणाली, "ती विचारते, वजा गुणिले वजा अधिक का होतं? नियम माहीत आहे, पण का?" गुरुजी, तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगते म्हटलं.

गेल्या महिन्यात असोद्याला गेले. माझी ती चौथीतली मैत्रीण अंगणात लेकीच्या पोराला भरवत होती. तिने मला पाटावर बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. "काय शिकवलं व माय तू तिकळे?"

"गणित."

ती खळखळून हसली. "मले तं भागाकार काही जमलाच नाही. गुरुजी मधीच परक्यावानी बोलाले लागले, मंग मले काही समजेच ना. काय झालं व्हतं त्याहिले, काय माहीत. तुले काही ठाऊक हाये का?"

सून चहा घेऊन आली होती. मी कप हातात घेतला आणि म्हटलं, "कोणास ठाऊक." तेही शुद्ध मराठीत.

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर इतकं सगळं लिहिता आलं. मैत्रीण मात्र आमच्या घरापासून चार घरं सोडून राहते, गुरुजी, आणि मी आणखी आठ दिवस असोद्याला होते.