मशीन आवरतंय

९ मार्च १९८७, बेळगाव

आज परत अडकलं! शाळांच्या निकालाची यादी छापता छापता कॉम्प्युटर मधेच गप्प. कुठलंही बटण दाबा — ढिम्म! शेवटी बंद करून चालू केला. सगळं पहिल्यापासून.

शनिवारी संस्थेचे चेअरमन बघायला येणार. यादी नीट निघाली तर मी कायम. नाहीतर निपाणी, वखारीत आईशेजारी बसून तंबाखू निवडायचा. डिप्लोमा काय चुलीत घालू?

१० मार्च

सारखं तेच. आमचे शिपाई सत्याप्पामामा, त्यांना शिकवून ठेवलं — मी जागेवर नसताना अडकलं तर भिंतीवरचं बटण बंद करून परत लावा. "एवढंच व्हय? करतो की!" केवढे खूश झाले! आजवर कुणी त्यांना मशीनजवळ फिरकू दिलं नव्हतं.

१२ मार्च

सापडलं!! मशीनसोबतच्या पुस्तकातच होतं. मी एकेक ओळ जोडून करते — नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळा, मार्क. दर जोडणीला मशीन नवी जागा घेतं आणि जुना तुकडा तिथंच टाकतं. मेमरी भरली की सगळं काम थांबवून आवरायला बसतं. वखारीत चुरा झाडायला काम थांबवतात, तसंच. म्हणजे ते मेलेलं नसतंच! मीच दरवेळी त्याला आवरता आवरता मारत होते.

जोडण्या कमी केल्या. तरी एकदा थांबतंच. थांबू दे. वाट बघायची, बस्स.

१३ मार्च

उद्या शनिवार. चेअरमनसाहेबांना वाट बघायची सवय आहे का?

१४ मार्च

थांबलं. साहेबांच्या समोरच! मी म्हटलं, "आवरतंय, सर." तेवढ्यात सत्याप्पामामा लगबगीनं भिंतीकडे — "बेबीताई, अडकलं न्हवं? थांबा, मी हाय!"

"हात लावू नका!" केवढ्यानं ओरडले मी! मामा जागच्या जागी थिजले. साहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं...

आणि प्रिंटर खडखडला. यादी शेवटच्या नावापर्यंत निघाली. साहेब म्हणाले, "शाब्बास!" मी रडले, चक्क सगळ्यांसमोर. आईला कधी सांगते असं झालंय.

१६ मार्च

ऑर्डर मिळाली. कायम! पेढे घेऊन मामांना शोधत गेले, तर त्यांचं स्टूल रिकामं. हेडक्लार्क म्हणाले, "त्याला काढला. साहेबांसमोर मशीन बंद करायला निघालता."

ते बटण कुणी शिकवलं, आणि आता नको म्हणून सांगायचं कुणी विसरलं, हे साहेबांना ठाऊक नाही. उद्या सकाळी सांगणार. पेढ्यांचा पुडा तसाच आहे.