परखी न लावता केलेली सही

सोम., ३ नोव्हें.
सकाळीच मेश्राम मॅडमचा फोन. विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात रसायनशास्त्र शिकवतात. रसायनाला दोन कायम शिक्षक मागितले होते, मागणी परत आली. शिक्षक नाही मिळाले तर पुढच्या वर्षी एम.एस्सी. बंद. नाकारण्याचं कारण त्यांनी वाचून दाखवलं: 'स्थानिक मान्यवरांच्या समितीने अध्यापकवर्ग व प्रयोगशाळा पुरेशी असल्याचे कळवले आहे.'
मान्यवर म्हणजे आम्हीच. नागरिक सहयोग समिती. खाली पाच सह्या, तिसरी माझी.
मॅडम भांडल्या नाहीत. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळ., ४ नोव्हें.
जुलैतली ती भेट आठवत बसलो. शाल, नारळ, बुके, पोहे. नवं गेट पाहिलं, सभागृह पाहिलं, दोन्हींवर आमची नावं. प्रयोगशाळेला कुलूप, चावी सापडेना. भैयाजी (समितीचे अध्यक्ष, धानाचे मोठे व्यापारी) म्हणाले, "अरे छोडो, अंदर क्या अलग होगा!" अहवाल त्यांनी टाइप करूनच आणला होता. मला वाटलं, चांगलं लिहिलं तर उपकेंद्राचं चांगलं होईल. पोरीच्या स्थळाला सांगतात तसं सगळं गोडगोड सांगून टाकलं.
दुपारी माझ्या राइस मिलमध्ये देवरीकडचा धानाचा माल आला. कट्ट्याच्या (पोत्याच्या) तोंडाशी दाणा कसा चकचकीत! पोटात परखी (नमुना काढायची पोकळ सळी) खुपसली, आतला दाणा मुठीत घेतला, दाताखाली फोडला. ओला. दलालावर ओरडलो, "तोंड पाहून माल घेणारा वाटलो का मी तुला?"
तो बिचारा कट्ट्याचं तोंड बांधू लागला. आणि मी? जुलैत तोंड पाहूनच तर घेतला होता.

शुक्र., ७ नोव्हें.
न सांगता उपकेंद्रात गेलो. रसायनातच मी इथून बी.एस्सी. झालो. धानातली ओल कशी मोजायची ते इथे शिकलो, मिल त्यावर उभी राहिली. तेव्हा चार शिक्षक होते. आज एकटी बाई, मेश्राम मॅडम, तीही तासिका तत्त्वावर, अकरा वर्षं. रोज सालेकशाहून पॅसेंजरने येते, चार पेपर शिकवते, त्यातला एक तिच्या विषयाचाच नाही.
गॅसची लाइन मेलेली. सहा पोरींत एक ब्युरेट. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानातून येतं, कॅन मॅडम स्वतः उचलून आणतात. गेटाला ग्रॅनाइट आणि आत ही दशा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.
मी म्हटलं, आम्हाला आधी सांगायचं ना. मग मात्र भडकल्या. चिडल्या की मॅडम शुद्ध बोलणं सोडतात.
"सांगाले जागा कोठं होती, शेठ? तुमी हार घालून घेत होते. धानाचा दाणा दातानं फोडून पायता म्हंतात. आमच्या इथं काऊन नाही पायला?"
 

बुध., १२ नोव्हें.
भैयाजींच्या ऑफिसात समितीची बैठक. मी म्हटलं, दुसरा अहवाल पाठवू, पहिला चुकला होता असं स्वच्छ लिहू.
डॉक्टर (समितीत तेच एक दवाखानेवाले, बाकी आम्ही सगळे धानवाले) म्हणाले, "म्हणजे आपण आंधळे होतो असं लिहायचं?"
"हो. तेच लिहायचं."
भैयाजी हसले. "पटलेजी, बदनामी किसकी होगी? अपने ही गोंदिया की ना? गेट दिया, हॉल दिया, और क्या करें?"
डोकं फिरलं. म्हटलं, गेट काय पोरांना शिकवणार आहे? या खोलीतल्या एकाचं तरी पोरगं त्या वर्गात बसतं का? कोणाचं नागपूरला, कोणाचं रायपूरला. माझंही पुण्याला, खाजगीत. हे बोलताना माझीच जीभ अडखळली, आणि त्याचाही राग आला. टेबलावर हात आपटला, चहा सांडला.
शेवटी ठरलं काय? मॅडमचा सत्कार करायचा! शाल-श्रीफळ! अरे, त्या बाईला शाल नको, सोबत शिकवणारा माणूस द्या. मी उठून आलो. खाली आल्यावर आठवलं, चष्मा वरच राहिला. परत गेलो नाही.

शनि., १५ नोव्हें.
चार दिवस घरात नुसता धुसफुसतोय. भाजीत मीठ कमी, त्यावरून ओरडलो. बायकोने, सरिताने, ताट सरकवलं. "सही तुमी केली अन् चिडून राहिले आमच्यावर. लिवा ना मंग कागद."
जेवण तसंच टाकून बसलो. पहिल्या कागदात समितीला झोडपलं. फाडला. दुसऱ्यात इतकी माफी की मलाच किळस आली. तिसरा राहिला: 'मी प्रयोगशाळा आतून पाहिली नव्हती. तरी पुरेशी आहे असे लिहिलेल्या अहवालावर सही केली. ती सही मागे घेत आहे.' विद्यापीठाला पाठवला. भैयाजींना प्रत.
सरिताने वाचला. भाजी गरम करून आणली.

मंगळ., १८ नोव्हें.
भैयाजींचा फोन. "अब हमारे साथ बैठोगे कैसे?" तीस वर्षं दर शुक्रवारी एका टेबलावर चहा घेतला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपलेच दात, आपलेच ओठ.
संध्याकाळी डॉक्टर मिलवर आले. माझ्या पत्राची प्रत मागितली, उभ्या उभ्या दोनदा वाचली. "चावी खरंच सापडत नव्हती हो," म्हणाले. मी म्हटलं, कुलूप फोडलं असतं तर कोणी अडवलं असतं? दवाखाना आहे म्हणून निघून गेले.

शुक्र., २१ नोव्हें.
विद्यापीठाचं उत्तर. एका सदस्याच्या पत्राने अहवाल बदलत नाही म्हणे. प्रत्यक्ष पाहणी करून नवा अहवाल द्या, किमान तीन सह्या, महिनाअखेरपर्यंत. खोटं घेताना कोणी विचारलं नाही की पाहिलं का. खरं द्यायचं तर तीन साक्षीदार!
चौघांनाही फोन केले. सोमवारी अकराला वर्गात या, इतकंच सांगितलं. दोघांनी उचलला नाही. भैयाजींनी ऐकून ठेवून दिला. डॉक्टर म्हणाले, बघतो.
चहाची वेळ झाली. घरीच घेतला.

सोम., २४ नोव्हें.
पावणेअकरापासून मागच्या बाकावर. बाक तेच जुने, गुडघे मावत नाहीत. पोरी वळून वळून पाहत होत्या. अकरा वाजले, कोणी नाही. खिडकीतून आमचं गेट दिसतं. त्याखाली डॉक्टरांची पांढरी गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच. दार उघडेना.
मी उठलो, मॅडमच्या टेबलावर नव्या अहवालाचा कागद ठेवला, पेन काढलं. म्हटलं, माझी सही तर घेऊन टाका.
मॅडमनी कागदावर हात ठेवला. "आता नाही, शेठ. तास होऊ द्या, मग करा."
पेन खिशात घातलं आणि बाकावर जाऊन बसलो. मॅडमनी फळा पुसला.