दाखवलेल्या घरात सखुबाई नव्हती

मी, तातेराव मुंजाजी ढोले, वय चौसष्ट, पूर्वीचा धंदा जत्रेत खेळ दाखवण्याचा, राहणार आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी शाबूत आहे, नशापाणी केलेले नाही, आणि दाराआड कोणी कान लावून उभे नाही हे पाहूनच लिहायला बसलो आहे.

१. राहते घर, मागच्या मोकळ्या जागेसह, पत्नी सखुबाई हिला देतो. हयातीपुरते नव्हे, पूर्ण मालकीने. आम्हांला मूलबाळ नाही, म्हणून भाचा स्वप्निल स्वतःला वारस समजतो. त्याला यातली वीतभर जागाही मिळू नये. कारण लिहितो.

गेल्या दिवाळीत तो हैदराबादहून लॅपटॉप आणि डोळ्यांवर बांधायचा चष्मा घेऊन आला. म्हणाला, "मामा, हे घर पाडून नवं कसं दिसंल ते आत फिरून पाहा. तुमी दोघं तिथंच ऱ्हाणार." मी फिरलो. खाली दुकाने, वर खोल्या, गच्ची. मान वळवली की खोलीही वळे. खरे सांगतो, भुललो. त्याने आणलेल्या घराच्या कागदांवर सही करायला पेन हातात घेतला होता.

मग सखुबाईने चष्मा लावला. खोलीखोलीतून फिरली. मग स्वप्निलला विचारले, "बाबा, ह्यात आमी कुठं ऱ्हाऊन राहिलो?"

"मामी, हे नुसतं चित्र हाय."

मी पुन्हा आत शिरलो. प्रत्येक दारावर भाडेकरूची पाटी, एकावर स्वप्निलचे नाव. आमचे दार कुठेच नाही. असल्या यंत्रात आपोआप काही उगवत नाही. कोणीतरी बसून एकेक भिंत उभी करतो. म्हणजे आम्ही विसरले गेलो नव्हतो, वगळले गेलो होतो. विचारताच त्याने लॅपटॉप मिटला.

"काहून मिटलं?" सखुबाई म्हणाली. "व्हय म्हण, न्हाईतर न्हाई म्हण."

त्याने लॅपटॉप पिशवीत कोंबला. मी पेन खाली ठेवला.

२. डोक्यात घालून आतली चित्रे पाहायचे माझ्या खेळाचे जुने हेल्मेट, जे मी १९९८ साली हैदराबादच्या एका बंद पडलेल्या खेळघरातून आणले, ते भाची पुनमला द्यावे. त्यातले डोंगर ठोकळ्यांचे होते. मान वळवली की डोंगर मागाहून यायचा, कित्येकांना मळमळायचे. तरी शिरड शहापूरच्या जत्रेत एक म्हातारा कड्यावरून पडू नये म्हणून माझा हात घट्ट धरून उभा होता. पुनम असल्या गोष्टी शिकते आहे. तिने ते उघडून पाहावे, मोडले तरी चालेल. भावाच्या, म्हणजे स्वप्निलच्या, हाती मात्र देऊ नये.

३. जळबा पाळणेवाल्याने कुरुंद्याच्या जत्रेत "ह्या मशीननं डोळे जातेत" अशी आवई उठवून माझा तंबू ओस पाडला. त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. मातीला आलाच तर हाकलू नये. मागे उभा राहू द्यावा.

४. प्रत्येक पानावर सही केली आहे, कारण पाने बदलली जातात. माझ्या पश्चात खालचे साक्षीदार सोनाजी मगर यांनी हे स्वप्निलला मोठ्याने वाचून दाखवावे. त्या वेळी सखुबाईने आपल्या घरात, त्याच्या अगदी समोर बसावे.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दि. ९ मार्च २०१८

सही: तातेराव मुंजाजी ढोले

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. सोनाजी ग्यानबा मगर (सही)
२. पारुबाई लिंबाजी मुळे (डाव्या हाताचा अंगठा)