चाकाखालचं लिंबू

रविवार, १० नोव्हेंबर २००२

तर आधी आली ती नात, मेधा. चप्पलही न काढता सरळ ह्यांच्या जुन्या गाडीपाशी गेली. मागून तिचा बाप, म्हणजे माझा सुरेश. आल्याआल्या म्हणतो, "आई, टायर पार गेलेत. चार नवे घालण्यापेक्षा गाडीच विकून टाकू." हे गेल्यापासून अंगणात तेवढीच सोबत आहे मला.

मेधाने टायर दाबला. "आजी, हवा कोण भरतं गं? दगड झालाय." म्हटलं, दर सोमवारी सायकलवाल्याला बोलावते, चांगली घट्ट भर सांगते. "अगं, ही सायकल नव्हे. मोटारीला पंचवीस पौंड हवा पुरे." सुरेश हसला. किती दिवसांनी हसला.

मग तिने वाकून चाकाखालचं लिंबू काढलं. वाळून सुपारीएवढं झालेलं. दसऱ्याला पूजा करून मी चारी चाकांखाली ठेवते, हे ठेवायचे तसंच. पण गाडी पुढे गेली तर चिरडणार ना ते, ती तर जागची हललीच नाही. मेधा लिंबू हातात धरून बापाकडे बघत राहिली. त्याने ते घेऊन तळहातावर फिरवलं. मग म्हणाला, "बरं. महागातले नको, पण रबर चढवलेले जुनेही नको. साधे नवेच बघतो. मग आईला त्र्यंबकला नेऊ."

आता घर एकदम शांत. त्यांचे चहाचे कप अजून विसळले नाहीत. विसळले की कोणी आलंच नव्हतं असं वाटेल. लिंबं मात्र ताजी आणायची, चार. येत्या रविवारी टायर घेऊन येतो म्हणालेत.