अण्णाचे शब्द पुसले गेले

मळमड्डी, धारवाड, रविवार, दिवेलागणीला

आज कॉम्प्युटर अपडेट केला आणि अण्णानं केलेलं काम पुसलं गेलं. माझा थोरला भाऊ. गेल्या वर्षी वारला. आईला लिहिता यावं म्हणून आपल्या धारवाडी मराठीचा शुद्धलेखन तपासनीस त्यानं स्वतः बनवला होता. पण ठेवला कॉम्प्युटरच्या लिनक्सबरोबर येणाऱ्या तयार मराठी तपासनिसाच्या पॅकेजच्याच फोल्डरात. वेगळा का नाही ठेवलास रे? नवं पॅकेज आलं आणि त्याच्यावरच बसलं. प्रत कुठंच सापडत नाही.

आता आमच्या बोलीतल्या 'अक्का'खाली लाल रेघ, 'अव्वा'खाली लाल रेघ. आईची सगळी ओळच लाल.

"माझं चुकलं का गं?"

"नाही आई, बरोबर आहे तुझं."

"मग अण्णाला विचार की."

तो गेल्याचं ती हल्ली विसरते.

"विचारते," म्हटलं.