झाड मला दिसलंच नाही

रूसे, २९ मार्च

प्रिय रुमेनाताईस,
तुझे गुडघे आता बरे असतील. इथे थंडी ओसरली. मिरच्यांच्या लोणच्याची शेवटची बरणी काल उघडली.

'कोणी आहे का गं?' हा तुझा प्रश्न दोन पत्रं टाळला. आहे. काल्चो. बस चालवतो, बायको जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या दवाखान्यात दात बसवायला येतो. त्याची किडकी दाढसुद्धा माझ्या ओळखीची. त्याने मात्र मास्कच्या वरचे माझे डोळे तेवढे पाहिलेत.

"नर्सबाई, वर एवढे डोळे, तर खाली काय ऐवज दडवलाय!" म्हणतो. डॉक्टरीणबाई खो खो हसतात. मी खाली बघून हत्यारं पुसते.

एक मार्चला, आपल्या वसंताच्या रिवाजाप्रमाणे, त्याने माझ्या मनगटावर लाल-पांढरा धागा बांधला. म्हणाला, "पहिलं फुललेलं झाड दिसलं की हा काढायचा. आणि तोंडावरचं तेही. त्या दिवशी आपण कॉफी प्यायला जाऊ."

तेव्हापासून मी मान खाली घालून चालते, ताई. एक्केचाळिसाव्या वर्षी झाडांना घाबरते. हस बाई, हस.

खरं सांगते. शनिवारी बाजारात तो मुळे घेत होता. मी मास्कशिवाय होते. न राहवून हसले. अगदी सगळे वेडेवाकडे दात दिसेपर्यंत. त्याने पाहिलं, बाजूला सरकला आणि म्हणाला, "या मावशी, तुम्ही घ्या आधी."

मावशी! माझ्याहून पाच वर्षांनी मोठा आहे मेला.

आज त्याने दारातूनच हाक मारली, "अंगणातला आलुबुखार फुललाय!" मी म्हटलं, "मला नाही बाई दिसला." खिडकीत उभी होते मी, झाडासमोरच. शुक्रवारी शेवटचा दात बसेल, मग तो कशाला येतोय? मास्क काढला तर तो जाईल, नाही काढला तरी जाईल. जीव नुसता कोंडलाय.

आईच्या वाढदिवसाचा फोटो आठवतो? मी नऊ वर्षांची. तू म्हणालीस, "पेन्का, तोंड मीट, फोटो बिघडतोय." तुझ्या ते लक्षातही नसेल. मी मिटलं ते मिटलंच. रागावले नाही गं. पण शुक्रवारच्या आत फोन कर आणि एकदा तरी म्हण, 'उघड तोंड.' तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

धागा अजून मनगटावरच आहे.

तोंड मिटून वाट पाहणारी,
तुझी पेन्का